‘क्वॉश’ हे क्रियापद कसं वाचावं, कसं वापरावं: निकाल आणि कोर्टाच्या बातम्यांत नव्यानं शिरणाऱ्यांसाठी

‘हायकोर्टानं एफआयआर क्वॉश केला.’ मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यातलं पर्वरी आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, जिथे जिथे मुंबई उच्च न्यायालय बसतं तिथल्या आवारात हे वाक्य दिवसभर कानावर पडतं. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, पक्षकार मराठी बोलतात आणि मधल्या माणसाला दोन्ही सांभाळावं लागतं. हा मधला माणूस म्हणजे मराठी माध्यमातून आलेला कायद्याचा विद्यार्थी, कोर्टाच्या बातम्यांवर नुकताच नेमलेला वार्ताहर किंवा निकालांचा अनुवाद करू लागलेली एखादी मुलगी. तो किंवा ती कोश उघडते. तिथे ‘दडपणे, चिरडणे, मोडून काढणे, रद्द करणे’ अशी चार क्रियापदं एका ओळीत उभी असतात. त्यातलं कोणतं कुठे चालतं, हे कोश सांगत नाही.

निवड चुकली तर ती नुसती भाषेची चूक राहत नाही. ‘उच्च न्यायालयाने गुन्हा दडपला’ असं छापून आलं, तर तो न्यायालयावरचा आरोप होतो. म्हणून हा शब्द पायरीपायरीनं नीट समजून घेतलेला बरा.

पायरी १: आधी उच्चार आणि रूपं

स्पेलिंग क्यू-यू-ए-एस-एच. उच्चार ‘क्वॉश’. ‘वॉश’ आणि ‘वॉच’मध्ये ‘ए’चा जसा ‘ऑ’ होतो तसाच इथेही होतो. भूतकाळाच्या रूपात शेवटी ‘ईडी’ लागतं, पण म्हणायचं ‘क्वॉश्ट’, ‘क्वॉशेड’ नाही. नाम म्हणून ‘क्वॉशिंग’ वापरतात. वकील मंडळी ‘क्वॉशिंगला टाकलंय’, ‘क्वॉशिंग लागलंय’ असं सर्रास बोलतात. बोलण्यात हे चालतं, पण बातमीत किंवा अनुवादात ‘गुन्हा रद्द करण्यासाठी याचिका’ असं पूर्ण लिहावं.

पायरी २: मुळं दोन आहेत, हे लक्षात ठेवा

कोशातली गोंधळाची ओळ कुठून आली, याचं उत्तर या शब्दाच्या घराण्यात आहे. लॅटिनमध्ये दोन वेगळी क्रियापदं होती. एक ‘क्वासारे’, म्हणजे जोरानं हलवून फोडून टाकणं. त्याच्यामागे ‘क्वातेरे’, हलवणे. दुसरं ‘कासारे’, म्हणजे पोकळ, निरर्थक, बेकायदा ठरवणं. त्याचं मूळ ‘कासुस’, म्हणजे रिकामा. जुन्या फ्रेंचमध्ये पोहोचेपर्यंत या दोन शब्दांचे आवाज इतके जवळ आले की ते एकमेकांत मिसळले. इंग्लंडवर नॉर्मन राज्य आल्यावर तिथल्या कोर्टांची भाषा फ्रेंच झाली आणि ही मिसळलेली जोडी मध्ययुगीन इंग्रजीत उतरली. म्हणून आजच्या एकाच ‘क्वॉश’मध्ये दोन अर्थ आहेत. बळानं मोडून काढणं हा एक आणि अधिकारानं शून्यवत करणं हा दुसरा.

फ्रेंचमध्ये आजही ‘कासे’ या एकाच क्रियापदाचा अर्थ फोडणं असाही होतो आणि निकाल रद्द करणं असाही. फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या ‘कूर द कासासिऑं’ या नावात हाच शब्द आहे.

‘क्वातेरे’चा गोतावळा मोठा आहे. डोक्याला मार बसून होणारं ‘कन्कशन’, तालवाद्यांचं ‘पर्कशन’, इतकंच काय, ‘डिस्कस’ आणि ‘रेस्क्यू’सुद्धा त्याच हलवण्या-झटकण्यातून निघालेले. फळं पिळून केलेल्या ‘स्क्वॉश’चं आणि रॅकेटनं खेळायच्या ‘स्क्वॉश’चं मूळही ‘क्वासारे’च. भोपळ्याच्या जातीची ‘स्क्वॉश’ नावाची भाजी मात्र या घराण्यातली नाही. तो शब्द अमेरिकेतल्या नॅरागॅन्सेट या मूळनिवासी लोकांच्या भाषेतून आला. नुसत्या आवाजावरून नातं जुळवू नये, हे इथेच शिकून घ्यावं.

पायरी ३: कर्ता कोण आणि कर्म काय, हे विचारा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. ‘क्वॉश’ दिसला की मराठी शब्द शोधायच्या आधी दोन प्रश्न विचारायचे: हे कोण करतंय आणि कशाचं करतंय?

कर्ता न्यायालय किंवा कायद्यानं अधिकार मिळालेली संस्था असेल आणि कर्म एखादा कागद असेल, म्हणजे एफआयआर, दोषारोपपत्र, आदेश, अधिसूचना, समन्स, शिक्षेचा निकाल, तर मराठीत एकच शब्द: रद्द करणे. जोर द्यायचा असेल तर रद्दबातल ठरवणे. यात लपवाछपवी नसते. उघड न्यायालयात, कारणं देऊन, सहीशिक्क्यानं हे होतं.

कर्ता सत्ता, सैन्य, पक्षश्रेष्ठी असेल आणि कर्म बंड, निदर्शनं, विरोधी सूर असेल, तर ‘मोडून काढणे’, ‘चिरडणे’, ‘दडपणे’. इथे बळ आहे, म्हणून मराठी क्रियापदातही बळ हवं.

कर्म अफवा किंवा चर्चा असेल, तर दोन्ही गट सोडा. एखाद्या मंत्र्यानं राजीनाम्याच्या अफवा ‘क्वॉश’ केल्या असं इंग्रजी बातमीत आलं, तर मराठीत त्यानं अफवांचं खंडन केलं किंवा चर्चेला पूर्णविराम दिला. ‘अफवा चिरडल्या’ असं कुणी मराठी माणूस म्हणत नाही.

व्याकरणाचीही एक गोष्ट इथेच. हे सकर्मक क्रियापद आहे आणि कोर्टाच्या भाषेत त्याचं कर्म माणूस नसतो. ‘आरोपीला क्वॉश केलं’ हे इंग्रजीतही चूक आणि मराठीतही. रद्द होतो तो आरोपीविरुद्धचा गुन्हा. एफआयआरमध्ये पाच जणांची नावं असतील आणि दोघांपुरताच तो रद्द झाला असेल, तर आदेशात त्या दोघांच्या क्रमांकाआधी ‘क्वा’ हा लॅटिन शब्द बऱ्याचदा सापडतो. त्याचा अर्थ ‘त्यांच्यापुरता’. तो नजरेतून सुटला तर पाचही जण सुटल्याची बातमी होते आणि तिघांचे नातेवाईक पेढे घेऊन येतात.

पायरी ४: शेजारच्या शब्दांपासून वेगळा काढा

नवख्यांचे सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

‘सप्रेस’ हा ‘क्वॉश’चा भाऊ मानला जातो, पण कोर्टात त्याची भूमिका जवळजवळ उलटी आहे. याचिकाकर्त्यानं आधीचा अर्ज फेटाळला गेल्याची माहिती लपवली, तर न्यायमूर्ती ‘सप्रेशन ऑफ मटेरियल फॅक्ट्स’ झालं असं म्हणतात. म्हणजे महत्त्वाची वस्तुस्थिती दडवली. हा पक्षकाराचा दोष. त्याच निकालात खाली ‘क्वॉश’ हा शब्द न्यायालयाच्या कृतीसाठी येतो. एकाला ‘दडवणे’ आणि दुसऱ्याला ‘रद्द करणे’ असे शब्द मराठीत वेगळे ठेवले नाहीत, तर निकालाचा अर्थच पालटतो.

‘क्वेल’ म्हणजे शमवणे, आटोक्यात आणणे. दंगल क्वेल होते, भीती क्वेल होते. एफआयआर होत नाही. या शब्दाचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘क्वेलान’मध्ये आहे आणि त्याचा अर्थ होता ठार मारणे. शतकानुशतकं वापरून तो मवाळ झाला.

‘स्टे’ म्हणजे स्थगिती. कागद जिवंत असतो, फक्त त्यावरची पुढची कारवाई थांबते. ‘स्टे मिळाला’ म्हणजे ‘क्वॉश झालं’ नव्हे.

‘डिस्चार्ज’ म्हणजे खटला उभा राहण्याइतकं साहित्य नाही म्हणून आरोपीला दोषमुक्त करणं, तर ‘अक्विटल’ म्हणजे खटला चालून निर्दोष मुक्तता. गुन्हा क्वॉश होतो तेव्हा खटला चाललेला नसतो, साक्षी तपासलेल्या नसतात. म्हणून ‘निर्दोष सुटका’ हा शब्द तिथे वापरू नये. न्यायालयानं निर्दोषत्वाचा निवाडा केलेला नसतो, तो गुन्हा पुढे चालवण्याजोगा नाही एवढंच म्हटलेलं असतं.

‘स्ट्राइक डाउन’ कायद्यांसाठी. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राचा २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा घटनाबाह्य ठरवला, तिथे इंग्रजी बातम्यांत हाच शब्दप्रयोग होता. मराठीत तिथेही ‘रद्द’ चालतं, पण ‘घटनाबाह्य ठरवून रद्द’ असं पूर्ण लिहिलं तर वाचकाला कारणही कळतं.

पायरी ५: ‘क्वॉश्ड अँड सेट असाइड’ ही जोडी

मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांत ‘क्वॉश’ सहसा एकटा येत नाही, ‘सेट असाइड’ला बरोबर घेऊन येतो. नवखा अनुवादक प्रामाणिकपणे लिहितो, ‘रद्द करून बाजूला ठेवण्यात येत आहे’. वाचणाऱ्याला वाटतं, फाईल कुठेतरी कपाटात ठेवली. इंग्रजी कायद्याला जोडशब्दांची जुनी सवय आहे. दोन शब्द, अर्थ एकच. आपल्याकडे त्याला तयार उत्तर आहे. अरबीतून फारसीमार्गे आलेला ‘रद्द’ म्हणजे नाकारलेला आणि ‘बातल’ म्हणजे निरर्थक. दोन्ही मिळून ‘रद्दबातल’. इंग्रजी जोडीला आपली जोडी अगदी नेमकी बसते. हा शब्द जुना झाला म्हणून टाकून देऊ नका. निकालाच्या अनुवादात मला त्याहून चांगला शब्द दिसत नाही.

पायरी ६: हा अधिकार येतो कुठून

शब्दाचा कोर्टातला वापर कळायला अधिकाराचं कलम माहीत हवं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ४८२ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ५२८ झालं. गंमत म्हणजे या कलमात ‘क्वॉश’ हा शब्दच नाही. संहितेखालच्या आदेशांची अंमलबजावणी व्हावी, न्यायप्रक्रियेचा गैरवापर रोखला जावा आणि न्यायाचा हेतू साधावा यासाठी उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार अबाधित राहतील, एवढंच ते म्हणतं. ‘क्वॉश’ हे त्या अधिकाराच्या वापराला रूढ झालेलं नाव आहे. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका करूनही हीच मागणी करता येते.

इथे एक खड्डा आहे. नव्या संहितेतही ४८२ हा आकडा आहेच, पण ते कलम अटकपूर्व जामिनाचं आहे. जुनी बातमी समोर ठेवून नवी लिहिताना ‘कलम ४८२ खाली गुन्हा रद्द’ असं लिहिलं जाऊ शकतं. प्रकरण जुन्या संहितेखालचं की नव्या, हे पाहूनच आकडा लिहा.

कोणते गुन्हे रद्द होऊ शकतात, याचा पाया ‘हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल’ या निकालात आहे. १९९२ च्या निकालसंग्रहांत तो सापडतो. सर्वोच्च न्यायालयानं त्यात उदाहरणादाखल सात प्रकार सांगितले. त्यातला पहिला नवख्यानं पाठच करावा: फिर्यादीत लिहिलेलं अक्षरन् अक्षर खरं मानलं तरी त्यातून गुन्हा बनत नसेल. म्हणजे न्यायालय या टप्प्यावर खरं-खोटं तपासत नाही, फिर्याद खरी धरूनच विचार करतं. सातवा प्रकार सूडबुद्धीनं केलेल्या फिर्यादीचा. हा अधिकार क्वचित आणि जपून वापरावा, असंही त्याच निकालात बजावलं आहे.

तडजोडीनं होणारं क्वॉशिंग वेगळं. ‘ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या २०१२ च्या निकालानं म्हटलं की कौटुंबिक, आर्थिक, व्यापारी स्वरूपाच्या भांडणातून आलेला गुन्हा दोन्ही बाजूंत समेट झाल्यास रद्द करता येतो, पण खून, बलात्कार, दरोडा असे गुन्हे समेटानं मिटत नाहीत. ते समाजाविरुद्धचे असतात. अशा निकालाची बातमी करताना ‘तडजोडीमुळे’ हा शब्द आलाच पाहिजे, नाहीतर फिर्याद खोटी होती असा समज पसरतो.

महाराष्ट्रातून गेलेलं एक प्रकरणही माहीत असावं: ‘निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, १३ एप्रिल २०२१. क्वॉशिंगची याचिका नुसती प्रलंबित असताना ‘आरोपीविरुद्ध सक्तीची कारवाई करू नये’ असे आदेश कारणं न देता सरसकट देऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. याचिका दाखल होणं आणि गुन्हा रद्द होणं यांत किती अंतर आहे, ते यातून कळतं.

पायरी ७: ‘क्वॉश’ म्हणजे नेहमी आरोपीची सुटका नव्हे

८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बिल्किस बानो प्रकरणातल्या अकरा दोषींना गुजरात सरकारनं दिलेली शिक्षामाफी रद्द केली. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे माफीचा विचार करण्याचा अधिकार गुजरातला नव्हताच, महाराष्ट्राला होता, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. इथे क्वॉश झाला तो माफीचा आदेश. शिक्षा कायम राहिली आणि दोषींना तुरुंगात परत जावं लागलं. क्रियापद तेच, कर्म वेगळं आणि परिणाम नेमका उलटा. तिसऱ्या पायरीवरचा ‘कशाचं?’ हा प्रश्न मी इतका लावून धरतो तो यासाठीच.

ब्रिटनमध्ये हा शब्द शिक्षेच्या निकालांसाठी जास्त ऐकू येतो. तिथल्या टपाल खात्याच्या ‘होरायझन’ या संगणक प्रणालीनं हिशेबात खोटी तूट दाखवली आणि छोट्या टपाल कार्यालयांच्या शेकडो चालकांना चोरी, अफरातफरीच्या गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काहींनी तुरुंगवास भोगला. २३ एप्रिल २०२१ रोजी लंडनच्या अपील न्यायालयानं एका दिवसात ३९ जणांची दोषसिद्धी क्वॉश केली. उरलेल्यांसाठी २०२४ च्या मे महिन्यात संसदेनं कायदाच केला आणि त्या कायद्यान्वये दोषसिद्धी सरसकट रद्द झाल्या. न्यायालयानं नव्हे, संसदेनं क्वॉश करण्याचं हे फार विरळा उदाहरण. अशा ठिकाणी मराठीत ‘दोषसिद्धी रद्द’ लिहावं. ‘शिक्षा रद्द’ लिहिलं तर दोष राहिला आणि शिक्षा तेवढी माफ झाली असा अर्थ निघतो. त्या माणसांनी वर्षानुवर्षं लढून मिळवलं ते दोषाचा डाग पुसला जाणं. ते एका चुकीच्या शब्दानं हिरावून घेऊ नये.

पायरी ८: दुहेरी नकार सोडवा

इंग्रजी मथळे ‘क्वॉश’भोवती नकारांची साखळी बांधतात. सोडवायची युक्ती सोपी आहे: शेवटच्या टोकापासून वाचा आणि प्रत्येक कडीला विचारा, कागद जिवंत की मेलेला?

‘उच्च न्यायालयाचा एफआयआर क्वॉश करण्यास नकार’: एफआयआर जिवंत.

‘एफआयआर क्वॉश करणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून सेट असाइड’: एफआयआर होता, उच्च न्यायालयानं मारला, सर्वोच्च न्यायालयानं मारणारा आदेशच मारला. एफआयआर पुन्हा जिवंत. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात असंच घडलं. शिक्षकावर अल्पवयीन विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाचा आरोप होता. मुलीच्या वडिलांशी समेट झाला म्हणून उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल उलटवला आणि खटल्याचा मार्ग मोकळा केला.

मराठी मथळ्यात ही साखळी तशीच आणू नका. शेवटी काय झालं ते थेट लिहा: ‘शिक्षकाविरुद्धचा खटला चालणार’. मधल्या घडामोडी मजकुरात सांगता येतात.

पायरी ९: आदेशाची प्रत हातात आल्यावर

बातमी असो वा अनुवाद, सुरुवात शेवटच्या पानापासून करा. निकालाचा प्रत्यक्ष आदेश तिथे असतो. मुंबई उच्च न्यायालयाचा ठरीव साचा असा: ‘रूल इज मेड अ‍ॅब्सोल्यूट इन टर्म्स ऑफ प्रेयर क्लॉज’ आणि पुढे कंसात एखादं अक्षर. हे वाक्य शब्दशः घेऊन ‘नियम निरपेक्ष करण्यात येत आहे’ असं करणारे अनुवाद मी पाहिले आहेत. ‘रूल’ म्हणजे इथे नियम नाही, समोरच्या बाजूला ‘मागणी का मान्य करू नये’ असं विचारणारी न्यायालयाची कारणदर्शक विचारणा. ती ‘अ‍ॅब्सोल्यूट’ झाली म्हणजे मागणी मान्य झाली. ‘डिस्चार्ज’ झाली म्हणजे मागणी फेटाळली गेली. हो, तोच ‘डिस्चार्ज’. पण इथे त्याचा आरोपीच्या दोषमुक्तीशी काही संबंध नाही.

आता मागे या आणि याचिकेतलं ते प्रेयर क्लॉज शोधा. मागणीचं कलम. नेमकं काय रद्द झालं, ते तिथे असतं: कोणत्या पोलीस ठाण्याचा, कोणत्या वर्षाचा, कितवा गुन्हा रजिस्टर क्रमांक. दोषारोपपत्र आधीच गेलं असेल, तर त्याचा आणि खालच्या कोर्टातल्या आरसीसी (रेग्युलर क्रिमिनल केस, म्हणजे तिथल्या फौजदारी खटल्याच्या) क्रमांकाचाही उल्लेख आहे का ते बघा. मागणी फक्त एका कलमापुरती होती की संपूर्ण गुन्ह्याची, तेही बघा. कित्येकदा एक कलम रद्द होतं आणि बाकीच्या कलमांखाली खटला चालूच राहतो. तेव्हा ‘गुन्हा रद्द’ नाही, ‘अमुक कलम वगळले’ असं लिहायचं.

सगळ्यात शेवटी, सहीच्या वर, एखादं छोटं वाक्य असू शकतं: राज्याच्या वकिलांच्या विनंतीवरून या आदेशाला काही आठवड्यांची स्थगिती. ते असेल तर गुन्हा रद्द झाला आहे, पण आदेश अजून अमलात आलेला नाही. बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात ते गेलं पाहिजे.